सतरा नंबरवर दोघी

आमच्या घरात इंटरनेट गेलं की आधी गुन्हेगार ठरतो, तपास नंतर होतो. तीन आठवडे दुपारी साडेचार-पावणेपाचच्या सुमाराला हा कार्यक्रम जवळजवळ रोज होत होता. नातीच्या खोलीतून आरोळी यायची, "गेलं! परत गेलं!" समोरच्या खोलीत घरूनच ऑफिसचं काम करणारी माझी लेक कानातलं काढून ओरडायची, "माझं व्यवस्थित चालू आहे. माझ्या नावानं खडे फोडू नकोस!" मग दोघी मिळून जावईबापूंना फोन लावायच्या आणि ते तिकडून अत्यंत शांतपणे विचारायचे, "राउटर बंद करून चालू केलात का?"

जावईबापू एका मोठ्या ऑफिसात चारशे माणसांचं नेटवर्क सांभाळतात. घरी आम्ही चौघं. त्या चारशे जणांचं काय होत असेल, याचा मला आता नीट अंदाज आला आहे.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. वय एकोणीस. कॉलेजातून आली की बॅग एकीकडे, चपला दुसरीकडे आणि ही थेट खुर्चीत. इंटरनेटवरच्या एका लढाईच्या खेळात तिची पाच जणांची टीम आहे. तिथे तिचं नाव 'काळरात्र'. रात्री दहाला जिचे डोळे मिटतात तिनं हे नाव का घेतलं, हे विचारायचं मी टाळलं. टीमच्या पाचही जणांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण भांडतात सख्ख्या भावंडांसारखे.

त्या टीममध्ये घुसायला भिंगरीनं दोन वर्षं चाचण्या दिल्या होत्या. तिसऱ्या चाचणीत नापास झाली तेव्हा चार दिवस माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. चौथ्या चाचणीत घेतली. आणि आता स्पर्धेच्या पहिल्या दोन सामन्यांत ही ऐन लढाईत गायब झाली. राहिलेल्या चौघांनी मार खाल्ला. दुसऱ्या सामन्यानंतर त्यांचा कप्तान काय बोलला ते मी स्वतः ऐकलं, कारण आमची काळरात्र स्पीकर मोठा ठेवते.

"काळरात्र, तू खेळतेस चांगली. पण तू असतेस कुठे? तिसऱ्यांदा मधेच गेलीस तर राखीव खेळाडू आत आणि तू बाहेर. कायमची."

भिंगरी "हो" म्हणाली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. तिसरा सामना पुढच्या शनिवारी पाच वाजता होता. म्हणजे आमच्याकडे सहा दिवस होते.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर काढली. कानाला हेडफोन, समोर दोनशे भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी घालायची, "नंबर सांगा" म्हणायचं आणि पुढच्या गावातल्या बाईला हाक मारायची. आम्हा बायकांना नावं नव्हतीच, बोर्डाचे नंबर होते. मी पाच नंबर. शेजारी तीन नंबर बसायची. चार नंबरचा बोर्ड कायम नादुरुस्त, त्यामुळे आमच्या दोघींमध्ये गप्पांना अडथळा नव्हता. लाइन बिघडली की आम्ही लाइनमनच्या मागे लागायचो, तो शिडी घ्यायचा, खांबावर चढायचा आणि बिघाड हातात धरून खाली यायचा. गंजलेली तार, कुरतडलेला तुकडा, काहीतरी डोळ्यांना दिसायचं. आता बिघाड हवेत असतो आणि खांबावर चढायला कोणी नसतं.

घरातल्या सगळ्या यंत्रांना नंबर द्यायची कल्पना माझीच. झालं असं की जावईबापू एकदा जेवताना समजावत होते, की घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला राउटर एकेक नंबर देतो, तोच त्याचा पत्ता. मी विचारलं, "आणि उद्या दुसराच दिला तर?" ते म्हणाले, "देतो कधी कधी." एक्स्चेंजमध्ये असं केलं असतं तर लोकांनी दगड मारले असते. मी म्हटलं, "नंबर कायमचे ठरवा आणि वहीत लिहा." जावईबापूंना वही हा शब्द फार आवडतो. त्यांनी त्याच रविवारी बसून प्रत्येक यंत्रात त्याचा नंबर हातानं भरला आणि वहीत रेघा मारून यादी केली. अकरा नंबर लेकीचा फोन, बारा तिचा लॅपटॉप, असं करत सतरा नंबर माझा टॅब. चारशे माणसांच्या ऑफिसात नसेल इतकी शिस्त आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात आली.

तर हा टॅब. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, दिवसातून एक तास, त्याहून जास्त नको. डॉक्टर बोलून मोकळे झाले. अंमलबजावणी माझ्या लेकीनं केली. तिनं तासाला गजर लावला. गजर झाला की ती येऊन माझ्या हातातून टॅब काढून घ्यायची, लहानपणी मी तिच्या हातातून चेंडू काढून घ्यायचे तसाच. सूड घ्यायला माणसं पन्नास वर्षं थांबतात, ते असं.

शेवटी टॅब मेला. म्हणजे मी तसं जाहीर केलं. "पाण्यात पडला, आता उठत नाही," एवढंच म्हणाले. जावईबापू बघतो म्हणाले तर मी म्हटलं, "राहू द्या हो, त्याचंही वय झालं होतं." लेकीनं "बरं झालं, डोळ्यांना आराम" असा शोकसंदेश दिला. जावईबापूंनी वहीत सतरा नंबरवर रेघ मारली. आणि मी टॅब कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवला.

रोज साडेचारला माझी लेक तिच्या मोठ्या मीटिंगला बसते आणि तिकडे दुसऱ्या गावात माझ्या एक्स्चेंजमधल्या तीन नंबरची सून फिरायला जाते. त्या वेळेत आम्ही दोघी टॅबवर बुद्धिबळ खेळतो. मी "जरा पडते" म्हणून दार लावून घेते. दहा दहा मिनिटांचा डाव, बाजूला घड्याळ पळतं. तीन नंबर हरायला आली की "चहा उतू गेला" म्हणून उठते. तिचा चहा आठवड्यातून चार वेळा उतू जातो.

वाचणाऱ्याला एव्हाना काय ते कळलं असेल. मला कळलं नव्हतं. एकतीस वर्षांचा अनुभव असला की माणसाला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही.

सोमवारी तपास सुरू झाला. भिंगरीनं कंपनीला फोन केला. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई सव्वीस मिनिटं सांगत होती. इतका मोलाचा होता की उचलवत नव्हता. मी बोर्डावर असताना दिवा लागल्यापासून दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही तर सुपरवायझरबाई मागे येऊन उभ्या राहायच्या, आणि त्या काही बोलायच्या नाहीत, तेच भयंकर असायचं.

मंगळवारी सकाळी दहाला कंपनीचा माणूस आला. बूट न काढता आत येऊन त्यानं राउटरकडे बघितलं, जणू तो त्याचा नावडता मेहुणा आहे.

"चालू आहे की."

"साडेचारला जातं," भिंगरी म्हणाली.

"मग साडेचारला बोलवायचं."

"साडेचारला या ना मग."

"आमची वेळ चारपर्यंत," तो म्हणाला आणि सही घेऊन गेला.

बुधवारी जावईबापू सुट्टी टाकून घरी राहिले. घरच्या कामासाठी त्यांनी सुट्टी घेतल्याचं मला लग्नापासून आठवत नाही, पण तांत्रिक आव्हान होतं. त्यांनी फर्मान काढलं की चारपासून सगळं बंद. टीव्ही बंद, प्रिंटर बंद, दारावरचा कॅमेरा बंद, लेकीचं सगळं बंद. लेक म्हणाली, "माझी मीटिंग?" ते म्हणाले, "सांग घरी आणीबाणी आहे." मला विचारलं, "आई, तुमचं काही चालू आहे का?"

"माझं काय चालू असणार या वयात?" मी म्हटलं आणि पडायला गेले.

घरात फक्त भिंगरीचं यंत्र चालू. चार वाजून चाळीस मिनिटांनी "गेलं!" मी तेव्हा तीन नंबरचा हत्ती मारला होता, त्यामुळे बाहेर यायला जरा वेळ लागला. आले तर जावईबापू खुर्चीत हताश बसले होते. "आता काहीच उरलेलं नाही," ते म्हणत होते. लेकीनं लगेच निकाल दिला. "म्हणजे तिच्या खेळातच खोट आहे. मी पहिल्यापासून सांगतेय."

"खेळ सगळ्या जगात चालतो, आई! आपल्याच घरात पडतो!"

"मग जगात जा खेळायला!"

गुरुवारी दातांच्या डॉक्टरांकडे माझी चारची वेळ होती. परत आले तर भिंगरी नाचत होती. एकदाही नेट गेलं नव्हतं. जावईबापूंनी बुधवारी रात्री राउटर खिडकीतून उचलून कपाटावर ठेवला होता, तर श्रेय अर्थातच कपाटाला मिळालं. मीही मान डोलावली. शुक्रवारी मी दात सांभाळत घरीच होते, साडेचारला दार लावलं, आणि कपाटाचं श्रेय काढून घेण्यात आलं.

शनिवार उजाडला. दुपारी सगळे भिंगरीच्या खोलीत. साडेचारपासून टीमचा सराव, पाचला सामना. जावईबापू टेबलाखाली वायरांमध्ये शिरले होते, फक्त पाय बाहेर दिसत होते. लेक दारात हाताची घडी घालून उभी. भिंगरीचे ओठ पांढरे पडले होते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "माझी गर्दी नको, मी जरा पडते."

आमचा डाव रंगला होता. मी जिंकत होते. पाचला वीस मिनिटं कमी असताना आरोळी आली, पण या वेळी तिच्यात ओरडणं नव्हतं, रडणं होतं. घड्याळ पळत असताना मी टॅब तसाच उशीखाली सारला आणि उठले.

भिंगरी पडद्यासमोर डोकं धरून बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली. तिनं सवयीनं फुलीवर टिचकी मारून ती घालवली.

"काय होतं ते?"

"काही नाही गं आजी, असल्या चौकटी येतात. रोज येते ही."

"रोज येते? आणि वाचली नाहीस?"

"कोण वाचतं!"

चौकट पुन्हा आली. भिंगरीचा हात पुढे गेला. मी तिच्या मनगटावर चापट मारली आणि चष्मा नाकावर ओढून मोठ्यानं वाचलं. या यंत्राचा पत्ता याच नेटवर्कवर दुसरं एक यंत्र वापरत आहे, असं त्यात लिहिलं होतं. तीन आठवडे ती बिचारी रोज येऊन खरं कारण सांगत होती, आणि तिचंच तोंड दाबलं जात होतं.

"हिचा नंबर कितवा?" मी विचारलं.

"सतरा," टेबलाखालून उत्तर आलं. "तीन आठवड्यांपूर्वी हे नवीन यंत्र आणलं ना, तेव्हा मोकळा होता तो दिला. आई, दोन नंबर सारखे होऊच शकत नाहीत, वही आहे आपल्याकडे."

एक्स्चेंजमध्ये कुणाचा फोन काढला की तो नंबर आम्ही लगेच दुसऱ्याला देत नसू. सहा महिने विसाव्याला ठेवायचो. का, तर जुन्या माणसाला शोधणारे त्या नंबरवर येत राहतात, आणि कधी कधी फोन कापलेला माणूस कापलेलाच नसतो, नुसती कागदावर रेघ मारलेली असते. हे मी जावईबापूंना सांगितलं नव्हतं. मी तर त्यांना टॅब मेला असं सांगितलं होतं.

मी न बोलता माझ्या खोलीत आले. उशीखाली टॅबवर माझी शेवटची दोन मिनिटं शिल्लक होती आणि खाली तीन नंबरनं लिहिलं होतं, "झोपलीस की काय? खेळ." मी टॅब पूर्ण बंद केला.

तिकडून लगेच आवाज आला. "आलं! बाबा, आलं!"

मी परत दारात आले तोवर जावईबापू केसांत कोळ्याची जाळी घेऊन टेबलाखालून बाहेर आले होते. "वायर सैल होती," ते म्हणाले. लेकीनं त्यांच्याकडे लग्नातल्या फोटोत बघते तसं बघितलं. मी गप्प बसले. खरं सांगते, मला ते फार सोयीचं वाटलं. मुलीचा खेळ चालू, जावयाचा मान राखलेला, आणि माझा टॅब स्वेटरांखाली. सामना होईपर्यंत मी तो लावणार नव्हते. कुणाचं काही अडलं नव्हतं.

तेवढ्यात स्पीकरवर कप्तान बोलला. "काळरात्र, परत गेलीस. सामना सुरू व्हायला सतरा मिनिटं आहेत. काय झालं होतं?"

"झालं ठीक. बाबांनी वायर घट्ट केली."

"मागच्या वेळेलाही वायरच घट्ट केली होती ना?"

भिंगरीनं कळफलकावरचे हात काढून घेतले.

"आणि त्याच्या आधी राउटर हलवला होता. हे बघ, मला राग नाही. पण कारण कळलेलं नाही म्हणजे ते परत होणार. राखीव खेळाडू तयार बसलाय. कारण सांग, नाहीतर मी त्याला आत घेतो."

भिंगरीनं बापाकडे बघितलं. बापानं वायरकडे बघितलं.

आमच्याकडे बिघाडाचं कार्ड असायचं. लाइन सुरू झाली तरी ते बंद करता यायचं नाही. 'आपोआप सुरू झाली' असं लिहिलं की सुपरवायझरबाई कार्ड परत टेबलावर आणून ठेवायच्या. कारणाच्या रकान्यात कारणच हवं. मला त्या बाईंचा एकतीस वर्षं राग आला, आणि आता त्यांच्याच आवाजात एक पोरगा माझ्या नातीला बोलत होता.

मी भिंगरीच्या डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. कानाला तो जड वाटला नाही. माईक तोंडाशी ओढला.

"हॅलो. मी काळरात्रची आजी बोलते."

"आजी?" पलीकडे दोघंतिघं हसले. कप्तान म्हणाला, "आजी, प्लीज, सामना आहे आमचा..."

"म्हणूनच बोलतेय. मधे बोलू नकोस, लिहून घे. एकाच नंबरवर दोन यंत्रं होती. एक हिचं, एक माझा टॅब. माझा टॅब बंद पडलाय असं घरात सांगितलं होतं म्हणून त्याचा नंबर हिला दिला. टॅब बंद पडलेला नव्हता. मी रोज साडेचारला लावते. मी लावला की ही पडते. आता तो बंद केलाय. कारण एवढंच आहे, आणि ते मी आहे."

पलीकडचं हसणं थांबलं होतं. इकडे मात्र दारातून आवाज आला, अगदी हळू. "कुठला टॅब?"

मी लेकीकडे बघितलं नाही.

"आणि सामन्यात तो परत चालू होणार नाही कशावरून?" कप्तानानं विचारलं. पोरगं हुशार होतं. बोर्डावर शोभलं असतं.

"कारण दोन मिनिटांत तो माझ्या लेकीच्या हातात असेल. तिच्या हातातून कोणालाच काही परत मिळत नाही."

मग तो म्हणाला, "ठीक आहे. काळरात्र, आत ये." आणि थोडं थांबून, "थँक यू, आजी."

भिंगरीनं हेडफोन घेतला. मग तिनं सगळ्यांना खोलीबाहेर काढून दार लावलं.

स्वयंपाकघरात लेकीनं हात पुढे केला. मी टॅब दिला.

"किती दिवस?"

"महिना झाला असेल."

"रोज किती वेळ?"

"तासभर." तिनं नुसतं बघितलं. "सव्वा," मी म्हटलं.

"मला वाटायचं, आई किती गुणी झालीय. गप पडून राहते दुपारची."

"मलाही वाटायचं, तू मीटिंगमध्ये असतेस म्हणजे तुला काही कळणार नाही."

जावईबापू तोवर वही काढून बसले होते. त्यांनी माझ्या टॅबला एकतीस नंबर दिला, खाली दुहेरी रेघ मारली आणि कुणीही विचारलेलं नसताना म्हणाले, "पण वायरसुद्धा सैल होतीच." आम्ही दोघी एकदमच "हो" म्हणालो. पन्नास वर्षांत मायलेकींचं इतकं एकमत झालं नव्हतं.

पुढे पाऊण तास आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो, घरातलं सगळं बंद करून. लेकीनं आपला फोनही बंद केला, वहीत त्याचा नंबर वेगळा आहे हे बघूनसुद्धा. दारामागून कधी "डावीकडे, डावीकडे!" यायचं, कधी नुसत्या कळा बडवल्याचा आवाज. "गेलं" हा शब्द आला नाही. मी मोजत होते.

दार उघडलं तेव्हा भिंगरीचे केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"हरलो," ती म्हणाली.

लेक उठली. "नेट गेलं?"

"नाही. एकदाही नाही. मीच चुकले. माझ्या वाट्याचा पूल राखायचा सोडून पुढे धावले आणि मागून सगळे आत घुसले. कप्तान केव्हाचा बोलतोय मला. म्हणतो रोज अर्धा तास आधी येऊन फक्त पूल राखायचा सराव करायचा, पुढच्या शनिवारी परत तीच चूक केलीस तर बघ."

"पुढच्या शनिवारी," मी म्हटलं.

"हो ना! वर म्हणतो, मंगळवारपर्यंत मागचे तीन सामने बघून चुका लिहून आण. पंधरा मिनिटं झाली, बोलतोच आहे." असं म्हणताना तिचे गाल फुलले होते. जिला काढून टाकायचं तिच्यावर कोणी पंधरा मिनिटं घालवत नाही, हे तिलाही कळत होतं.

ती उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्यायली आणि तोंड पुसून घाईनं आत वळली.

"जेवायला बसतेस का?" लेकीनं विचारलं.

"थांब गं, पाण्यापुरतं सोडलंय त्यानं. अजून संपलं नाहीये त्याचं."